शनिवारची गोळी

शेजारची सून जूनमधल्या एका संध्याकाळी माझ्याकडे आली. वय ३२, एका हाताला चार वर्षांची मुलगी, दुसऱ्या हातात औषधाचं पाकीट. "काकू, तुम्हीपण हीच गोळी घेता ना?" मी चष्मा लावून पाहिलं. मेथोट्रेक्सेट, साडेसात मिलिग्रॅम. एकही गोळी काढलेली नव्हती आणि दुकानाच्या बिलावर तारीख एप्रिलची होती. भावानं मोबाइलवर शोधून सांगितलं होतं की हे कॅन्सरचं औषध आहे, यानं लिव्हर जातं, केस जातात. सासूबाईंनी त्यावर निकाल दिला, औषधच इतकं वाईट असेल तर दुखणं सोसलेलं बरं. पाकीट कपाटात गेलं. मधल्या दोन महिन्यांत तिची बोटं इतकी सुजली की लग्नातली अंगठी सोनाराकडून कापून घ्यावी लागली.

मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी असताना मीही हेच केलं होतं, आणि त्यात माझ्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली.

सांगलीतल्या एका नागरी सहकारी बँकेत मी ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली बहुतेक रोखपाल म्हणून. जमा आणि नावे, दोन्ही बाजू मांडल्याशिवाय दिवसाचा मेळ बसत नाही. आमवाताच्या औषधांचा हिशेब मात्र घरोघरी एकाच बाजूनं मांडलेला मी पाहते. औषधानं काय होऊ शकतं याची यादी पाकिटातल्या कागदावर असते, मोबाइलवर असते, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या मावशींच्या तोंडी असते. औषध घेतलं नाही तर काय होईल, याची यादी कोणी छापत नाही. ती रुग्णाच्या हातापायांवर उमटते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

२००६च्या दिवाळीत चकल्या करताना सोऱ्याची मूठ माझ्याच्यानं फिरेना. थंडी असेल म्हणून सोडून दिलं. महिनाभरात सकाळी मूठ वळेनाशी झाली. पोलक्याची हुकं लावायला मुलीला हाक मारायची, कुकरचं झाकण ह्यांनी उघडून द्यायचं. दहा वाजता बोटं जरा मोकळी व्हायची आणि साडेदहाला काउंटरवर बसायचं. शंभराच्या गड्ड्या मोजताना अंगठ्याच्या मुळाशी दाभण टोचल्यासारखं व्हायचं. वय ३९.

आपण सांध्यांच्या सगळ्याच दुखण्याला संधिवात म्हणून मोकळे होतो. उतारवयात गुडघा झिजतो, ते वेगळं. आमवातात शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजून जाड होतं आणि शेजारची कूर्चा, हाड कुरतडत जातं. हे कुरतडणं पहिल्या एक-दोन वर्षांतच जोर धरतं, आणि गेलेलं हाड कुठलंही औषध परत आणत नाही. शिवाय दाह सांध्यांपुरता राहत नाही. आमवात असलेल्या माणसाला हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दीडपट असतो. १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन पाहणी केली. तेव्हा प्रौढांमध्ये दोनशेत एक या प्रमाणात आमवात आढळला. म्हणजे दोन हजार प्रौढांच्या गावात दहा जण, आणि त्यात बायका पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. हा काही कुठल्या दूरदेशीचा दुर्मीळ आजार नाही.

२००७च्या उन्हाळ्यात निदान झालं. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं. मी घरी येऊन पाकिटातला कागद वाचला आणि गोळी घेतली नाही. त्याऐवजी कोणीतरी सांगितलेल्या गावी जाऊन पुड्या आणल्या. शुद्ध जडीबुटी, साइड इफेक्ट अजिबात नाही, असं सांगितलं गेलं. तिसऱ्या दिवशी माझी मूठ वळली. मी देवघरासमोर बसून रडले. पंधरवड्यानं दंडोबाचा डोंगर चढून नारळ फोडून आले. १४ महिने त्या पुड्या घेतल्या. चेहरा गोल होत गेला, लोक म्हणाले तब्येत सुधारली. साखर २४० झाली. मांडीवर जरा काही लागलं की काळेनिळे डाग पडायचे. मग एका महिन्यात पुड्या मिळाल्या नाहीत. चौथ्या दिवशी मला उठवेना, उलट्या सुरू झाल्या, रक्तदाब ८०वर आला.

डॉक्टरांनी सकाळच्या रक्तात कॉर्टिसॉल तपासलं. जवळजवळ शून्य. पुडीत स्टेरॉइड होतं, आणि बाहेरून एवढं येत राहिल्यामुळे मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींनी स्वतःचं बनवणं बंद केलं होतं. हाताचा एक्स-रे काढला तेव्हा दोन बोटांच्या सांध्यांजवळचं हाड कुरतडलेलं दिसलं. १४ महिने ठणका झाकला गेला आणि आतलं काम चालूच राहिलं. पुढे ५१व्या वर्षी पाण्याची बादली उचलताना माझा एक मणका दबला. मी आयुष्यात घेतलेलं सगळ्यात महाग औषध 'साइड इफेक्ट नसलेलं' होतं.

स्टेरॉइडला मी शत्रू म्हणत नाही. १९४८च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवातानं जखडलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५०चं नोबेल त्या कामाला मिळालं. दुसरं औषध लागू पडायला सहा ते बारा आठवडे लागतात, तेवढ्यापुरतं लहान मात्रेत, कमी करत करत बंद करायचं, असं आजही डॉक्टर ते वापरतात. माझा आक्षेप नाव न सांगता दिलेल्या औषधावर आहे. ज्याचं नाव माहीत नाही, मात्रा माहीत नाही, त्याचा धोका मोजायचा कसा?

वेदनाशामक गोळ्यांचंही तेच. शेजारच्या सुनेनं मेथोट्रेक्सेट कपाटात ठेवलं, पण डायक्लोफिनॅकच्या गोळ्या ती महिनोन्‌महिने दिवसाला दोन खात होती, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणून. जनावरांना दिलेल्या याच औषधानं गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होऊन त्यांचे थवे संपले, म्हणून २००६ साली आपल्याकडे जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसांच्या पोटाला आणि मूत्रपिंडांनाही ते दीर्घकाळ निर्धोक नाही, आणि सांधा वाचवण्याची ताकद त्यात नाही. पण ओळखीच्या गोळीची भीती वाटत नाही.

आता 'कॅन्सरचं औषध' या शब्दाबद्दल. गोष्ट खरी आहे. भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीत फॉलिक अ‍ॅसिडवर काम करत होते. त्यांच्या चमूनं फॉलिक अ‍ॅसिडला विरोध करणारी जी द्रव्यं बनवली, त्यातल्या एकाचा उपयोग बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांसाठी केला. त्यांचा निबंध १९४८ साली आला. मेथोट्रेक्सेट त्याच कुळातलं. पण कॅन्सरमध्ये ते कधी कधी ग्रॅमच्या हिशेबात देतात, आमवातात आठवड्याला साडेसात ते २५ मिलिग्रॅम. मी आठवड्याला १५ घेते. एक ग्रॅम व्हायला मला सव्वा वर्ष लागतं. एवढ्या मात्रेत त्याचं मुख्य काम दाह शमवण्याचं, असं संशोधक मानतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९८८ साली त्याला आमवातासाठी मान्यता दिली. कॅन्सस राज्यातल्या विचिटा इथल्या १,२४० रुग्णांचा अभ्यास २००२ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांमधलं मृत्यूचं प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसलं, मुख्यतः हृदयविकाराचे मृत्यू घटल्यामुळे. एका अभ्यासावरून सगळं ठरत नाही, पण 'दुखणं सोसलेलं बरं' म्हणणाऱ्यांनी तो आकडाही शेजारी मांडावा.

मी २००८च्या ऑक्टोबरात गोळी सुरू केली. आधी रविवारी रात्री घ्यायची. सोमवारी काउंटरवर मळमळायचं, नोटांचा वासही सोसायचा नाही. मग डॉक्टरांना विचारून शनिवार धरला. सकाळी मारुतीला तेल घालायचं, रात्री जेवून गोळी घ्यायची, रविवार मळमळीला द्यायचा, सोमवारी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आणि बँक. १७ वर्षांत दोनदा लिव्हरचे आकडे वाढले, दोनदा मात्रा कमी करून ते खाली आले. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं म्हणून ते कळलं. न तपासता ही गोळी घेणं मला मान्य नाही, आणि कोणी घेऊ नये.

या गोळीनं मी मरता मरता वाचले आहे, हेही सांगायला हवं. २०१२ साली गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना दिलेल्या कागदावर बाकीच्या औषधांबरोबर मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅमपुढेही लिहिलं होतं : रोज रात्री. मी गुंगीत होते. हे कागद पाहून वाटीत गोळ्या काढून ठेवायचे, हातावर ठेवलेलं मी गिळायची. सलग सहा रात्री. सातव्या दिवशी तोंड आतून सोललं गेलं, तांदळाची पेजसुद्धा झोंबली. पांढऱ्या पेशी १,८००, ज्या चार हजारांच्या वर असायला हव्यात. फोलिनिक अ‍ॅसिडची इंजेक्शनं, नऊ दिवस दवाखाना. मुलगी दहावीला होती. ती काचेबाहेर उभी राहून हात हलवायची, कारण जंतुसंसर्गाच्या भीतीनं तिला आत सोडत नव्हते. हे आजही तो विषय निघाला की खोलीतून उठून जातात. चूक त्यांची नव्हती. चूक एका शब्दाची होती.

बरी झाल्यावर दोन महिन्यांनी मी पुन्हा तीच गोळी सुरू केली, आठवड्यातून एकदा. लोकांना हे वेडेपण वाटलं. पण मी पोळले होते चुकीच्या मात्रेमुळे. बरोबर मात्रेत त्याच गोळीनं मला आधीची चार वर्षं हात दिले होते.

म्हणून माझी एक मागणी आहे आणि ती मी जिथं संधी मिळेल तिथं करते. मेथोट्रेक्सेटच्या चिठ्ठीवर वार लिहिलेला असावा. 'आठवड्यातून एकदा' एवढंही पुरेसं नाही, 'फक्त शनिवारी' असं, मराठीत, मोठ्या अक्षरात. मेडिकलवाल्यानं पाकीट देताना वार तोंडानं विचारावा. फॉलिक अ‍ॅसिड आणि ही गोळी पुष्कळदा दोन्ही लहान, पिवळ्या असतात. त्या एका डबीत ठेवू नयेत. युरोपच्या औषध नियामक संस्थेनं अशा चुकांतून मृत्यू झाल्यावर २०१९ साली पाकिटावर ठळक इशारा आणि चिठ्ठीवर वार लिहिण्याची शिफारस केली. आपल्याकडे पाकिटावर इशारा असतो तो इंग्रजीत, आणि गोळी घेणाऱ्या कितीतरी बाया ज्या भाषेत वाचतात ती भाषा तिथं नसते. याला पैसा लागत नाही.

या औषधानं काय दिलं, तेही सांगते. ८ नोव्हेंबर २०१६ला नोटाबंदी झाली. त्यानंतर ३० डिसेंबरपर्यंत आम्ही सकाळी नऊ ते रात्री नऊ नोटा मोजल्या. मशीन तापून बंद पडायचं, मग हातानं. जुन्या पाचशेच्या मळलेल्या, घडी पडलेल्या नोटा, लोकांनी साखरेच्या डब्यातून काढलेल्या. माझी दोन वाकडी बोटं बाजूला ठेवून बाकीच्या आठांनी मी ते दिवस काढले. एक दिवसही रजा घेतली नाही. औषध नसतं तर २०१६ साली मी त्या खुर्चीवर नसते. हा फायदा कुठल्या कागदावर छापलेला नाही. तो मीच सांगायला हवा.

धोका एकदा मोजून भागत नाही, तो वर्षांगणिक बदलतो. मी हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनही घेते. मलेरियाचं जुनं औषध, आमवातातलं त्यातल्या त्यात सौम्य. ते डोळ्याच्या पडद्यावर परिणाम करू शकतं. वजनाच्या किलोमागे दिवसाला पाच मिलिग्रॅमच्या आत ठेवलं तर पहिल्या दहा वर्षांत शंभरात दोघांहून कमी लोकांना त्रास होतो. वीस वर्षांनंतर मात्र प्रमाण वीस टक्क्यांजवळ जातं. माझी १७ वर्षं झाली. वजन ५२ किलो, म्हणून ४००ची गोळी डॉक्टरांनी २००वर आणली, आणि दरवर्षी मी डोळ्याच्या पडद्याचं स्कॅनिंग करून घेते. याच गोळीसाठी मार्च २०२०मध्ये लोक मेडिकलपुढे रांगा लावत होते, ज्यांना काहीही झालेलं नव्हतं तेसुद्धा. सरकारला २६ मार्चला तिच्या विक्रीवर निर्बंध आणावे लागले. मला तेव्हा पाच आठवडे गोळी मिळाली नाही.

नव्या औषधांबद्दल थोडक्यात. इंजेक्शनची जैविक औषधं दबलेला क्षय जागा करू शकतात, हे २००१ सालीच नोंदलं गेलं. जगात सर्वाधिक क्षयरुग्ण आपल्या देशात आहेत, म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी केल्याशिवाय ती घेऊ नयेत. टोफासिटिनिब ही गोळी आता अनेक भारतीय कंपन्या बनवतात, किंमत आटोक्यात आली आहे. तिच्यावर अमेरिकेनं २०२१ साली सर्वांत कडक इशारा छापायला लावला. तो इशारा ज्या अभ्यासातून आला, त्यात पन्नाशीच्या वरचे आणि हृदयविकाराची आणखी एखादी जोखीम असलेले ४,३६२ रुग्ण होते. साधारण चार वर्षांत या गोळीवर शंभरात ३.४ जणांना हृदयाचा झटका, पक्षाघात असं काही गंभीर झालं, जुन्या प्रकारच्या इंजेक्शनवर २.५ जणांना. 'धोका एक तृतीयांशानं वाढतो' असं सांगितलं तर माणूस घाबरतो. 'शंभरात साधारण एक जास्त' म्हटलं की तो विचार करू शकतो. दोन्ही वाक्यं खरी आहेत. डॉक्टरांनी दुसरं वाक्य वापरावं, असं मला कळकळीनं वाटतं. मग ६८ वर्षांचे बिडी ओढणारे आजोबा एक निर्णय घेतील, ३५ वर्षांची बाई दुसरा, आणि दोघांचाही बरोबर असू शकेल.

महाग ते चांगलं, हाही समज सोडायला हवा. २०१३ साली ३५३ रुग्णांवरचा एक अमेरिकी अभ्यास आला. मेथोट्रेक्सेट एकटं पुरत नव्हतं अशा लोकांमध्ये, त्याला सल्फासलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन या दोन स्वस्त गोळ्या जोडल्या तर निकाल महागड्या इंजेक्शनच्या तोडीचा आला. आपल्याकडे खरा खर्च गोळीचा नसतोच. जतहून मिरजेला रक्त तपासायला यायचं तर बाईचा दिवस मोडतो, मजुरी जाते, वर एसटीचं भाडं. मग ती तपासणी टाळते, आणि तपासणी टाळली की सुरक्षित औषध धोक्याचं होतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात या दोन-तीन साध्या तपासण्या ठरल्या वारी झाल्या, तर कितीतरी धोका तिथल्या तिथं कमी होईल.

त्या संध्याकाळी मी शेजारच्या सुनेला हे सगळं सांगितलं नाही. जुन्या वहीचं एक पान फाडलं, मधोमध रेघ मारली आणि तिला विचारत गेले. सकाळी मूठ कितीला मिटते? अकराला. मुलीची वेणी कोण घालतं? सासूबाई. मग दुसऱ्या बाजूला भीती लिहायला लावल्या. केस, लिव्हर, कॅन्सर. आणि मग मी सहज विचारलं, "अगं, दुसऱ्याचा विचार आहे का तुमचा?" ती लाजली. म्हणाली, या वर्षी ठरवलंय.

माझ्या पोटात गोळा आला. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक असतं. मूल हवं असेल तर ते थांबवून काही महिने जाऊ द्यावे लागतात. ती केसांना भीत होती आणि जी गोष्ट खरोखर विचारायची ती यादीतच नव्हती. डॉक्टरांनी घाईत विचारलं नसेल, तिनं संकोचानं सांगितलं नसेल. रांगेत चाळीस रुग्ण असताना पाच मिनिटांत हे होतं.

ते पान घेऊन ती नवऱ्याबरोबर पुन्हा डॉक्टरांकडे गेली. त्यांनी गरोदरपणातही चालतील अशी सल्फासलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन सुरू केली, डोळ्यांची तपासणी लिहून दिली, डायक्लोफिनॅक बंद करायला लावलं. मेथोट्रेक्सेटचं पाकीट मी तिला दुकानात परत करायला लावलं, घरात ठेवू नकोस म्हटलं. दर पंधरा दिवसांनी ती येते आणि पानावर मूठ मिटण्याची वेळ लिहिते. अकरा, अकरा, साडेदहा, दहा. परवा सकाळी कुंपणापलीकडून हाक आली, "काकू, आज साडेआठ!" मुलीची वेणी तिनंच घातली होती, जरा सैल झाली होती.